पूल, मेट्रो सगळं होऊनही पुणं आटोक्यात का येत नाही? नगररचनेतल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आलाय की पुण्यात इतके उड्डाणपूल झाले, मेट्रो धावायला लागली, रिंगरोडचंही काम निघालं, तरी शहर दरवर्षी जास्तच अंगावर येतंय, तर मग प्लॅनिंगवाले करतात तरी काय, आणि सगळ्या पुणे परिसराला एकच खमकी ऑथॉरिटी नेमली तर प्रश्न सुटेल का. जाता जाता वाघोलीच्या पुढे फ्लॅट घ्यावा का हेही विचारलंय. मी नगररचनेत काम करतो, आधी सरकारी टेबलाच्या त्या बाजूला होतो, आता या बाजूला आहे, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाल्ल्यात. लांबेल जरा, चहा घेऊनच बसा.

माझं मत आधी सांगून टाकतो. पुणं ज्या जागेवर ज्या वर्षी वाढत असतं त्या जागेवर त्या वर्षी महापालिका नसते. ती दहा-पंधरा वर्षांनी पोचते, तोवर जमीन विकून, बांधून, लोक राहायला येऊन मोकळे झालेले असतात. ट्रॅफिक, टँकर, तुंबलेले ओढे, हे जे आपल्याला वेगवेगळे प्रॉब्लेम वाटतात त्यातले बरेचसे या एका उशिरातून निघतात. आणि उशीर झाला की पुढे तुम्ही कितीही पैसे ओता, दुरुस्ती होते, प्लॅनिंग होत नाही.

हे जमिनीवर कसं घडतं ते बघा. हद्दीपासून चार-पाच किलोमीटरवर कुणाचं तरी दीड एकराचं वावर आहे. ज्वारी-हरभऱ्यातून वर्षाला काय सुटतं ते मालकाला माहीत आहे आणि एजंट गुंठ्याला काय देतोय तेही माहीत आहे, तेव्हा तो विकणारच, त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी विकलंच असतं. आता तुकडेबंदीचा कायदा आहे १९४७ चा, त्यात २०२५ पर्यंत एकेक गुंठा सुटा विकता येत नसे, मग अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं आणि त्यावर दहा-अकरा जणांची नावं लावायची, सातबाऱ्यावर सगळे सामाईक. मधून दहा फुटांचा रस्ता सोडायचा, तो कागदावर कुणाचाच नसतो, वहिवाटीचा म्हणायचा. शेजारच्या गटाचा मालक दोन वर्षांनी विकायला काढतो, तो त्याचा रस्ता त्याच्या सोयीने दुसऱ्या टोकाला सोडतो. दोन्ही रस्ते बांधावर येऊन संपतात, समोरासमोर येतच नाहीत. अशी वीस-पंचवीस वावरं झाली की एक अख्खं उपनगर तयार होतं ज्यात अग्निशामक बंब शिरत नाही, ड्रेनेजचा उतार कुणी काढलेला नाही आणि ओढा होता तिथे कुणीतरी पाइप टाकून वर पार्किंग केलंय. यात प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतलाय बरं का. शेतकऱ्याला भाव मिळाला, गुंठा घेणाऱ्या रिक्षावाल्याला किंवा कंपनीतल्या कंत्राटी कामगाराला स्वतःचं छप्पर मिळालं, जे त्याला शहरात जन्मात मिळालं नसतं. वाईट झाली ती एकत्रित बेरीज, आणि बेरजेला मालक नाही. कॉम्प्लेक्स सिस्टिम वगैरे जे म्हणतात ना, त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच. कुणीही ठरवलेलं नसतं असं काहीतरी सगळे मिळून घडवतात.

मग महापालिका येते. १९९७ ला ३८ गावं आत घेतली, गावकऱ्यांनी विरोध केला, पुढे काही वगळली, २३ राहिली. बाणेर, बालेवाडी, वारजे, कात्रज, कोंढवा हे सगळं त्यातलं. त्या २३ गावांचा विकास आराखडा तुकड्यातुकड्याने मंजूर होत गेला आणि टेकड्यांवरच्या बीडीपीचा, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा निर्णय लागायला २०१५ उजाडलं. तेवढ्या वर्षांत हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं, एक्स्प्रेसवे सुरू झाला, बाणेरच्या शेतांचे टॉवर झाले. मग २०१७ ला ११ गावं, २०२१ ला आणखी २३ गावं. महापालिकेचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, मुंबई महापालिकेपेक्षा मोठं, आणि पेपरात त्याची कौतुकं पण झाली, जणू काही मॅच जिंकलीय. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी, ज्यांच्या उशाशी शहराने वर्षानुवर्षं कचरा डेपो ठेवला, त्यांनी टॅक्स जास्त नि सुविधा काहीच नाहीत म्हणून वेगळी नगरपरिषद मागून घेतली. मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही.

हद्द नकाशावर सरकवायला एक अधिसूचना पुरते, पाण्याची लाइन सरकवायला दहा वर्षं लागतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएस म्हणजे गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट एकदम वाढले तेव्हा सगळ्यांचं लक्ष नांदेड, किरकटवाडीकडच्या पाण्याकडे गेलं. ही गावं २०२१ ला समाविष्ट झालेली. तिथे विहिरीतून पाणी उचलायचं आणि क्लोरीन टाकून वाटायचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणीच नव्हतं. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. माणसं आली, इमारती आल्या, मतदारयादी आली, पाण्याचा प्लँट नाही आला. पंगत अर्धी जेवून झाल्यावर पत्रावळ्या वाटायला यायचं, असं आपलं काम चालतं.

आता तुमच्या ट्रॅफिककडे येतो, कारण सगळ्यांना तेच दिसतं. उड्डाणपूल बांधला की गर्दी कमी होईल हा हिशेब गाड्यांची संख्या ठरलेली असते असं धरून केलेला असतो. ती ठरलेली नसते. रस्ता मोकळा झाला की जो माणूस आधी बसने जायचा तो गाडी काढतो, जो सकाळी सातला निघायचा तो साडेआठला निघतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो कोथरूडात भाड्याने राहायचा तो चांदणी चौकापलीकडच्या भूगावला टू बीएचके बुक करतो. याकोव झहावी नावाच्या इंजिनिअरने १९७० च्या दशकात मांडलं होतं की माणूस प्रवासाला दिवसाकाठी साधारण तासाभराचं बजेट ठेवतो, वेग वाढला की वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. यावर वाद आहेत, सगळ्या देशांत ते तंतोतंत लागू पडत नाही, पण चांदणी चौकात उभं राहून बघा. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री जुना पूल स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ ला नवा प्रकल्प सुरू झाला, चौक खरंच सुटला. लगेच मुळशी रोडच्या होर्डिंगांवर ‘चांदणी चौकापासून इतकी मिनिटं’ सुरू, आणि आता भूगावच्या गावठाणातून जो अरुंद रस्ता जातो तिथे गाड्या अडकतात. गाठ सुटली नाही, पुढे सरकली. म्हणून पूल बांधूच नये असं मी म्हणत नाही, पण पुलाबरोबर त्याच्या पुढच्या दहा किलोमीटरच्या जमिनीचं काय करणार हे कुणी ठरवलं नसेल तर पूल हा शेवटी जमिनीच्या भावाचा प्रकल्प होतो.

आणि कधीकधी तर पूलच चुकीच्या जागी असतो. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० ला पाडला, जेमतेम पंधरा वर्षंही वापरला नाही. त्याच वेळी १९८७ च्या डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, आखलेला एचसीएमटीआर, शहराच्या आतला ३६ एक किलोमीटरचा रिंग मार्ग, अजून कागदावरच आहे. चाळीस वर्षं होत आली. त्या आखणीवर काय काय उभं राहिलं हे सांगायला नको.

बसचं चक्र तर याहून वाईट, कारण ते उलट दिशेने फिरतं. बस वेळेवर येत नाही म्हणून माणूस टू-व्हीलर घेतो, टू-व्हीलर वाढल्या की बस आणखी रखडते, मग आणखी दहा जण टू-व्हीलर घेतात. २०१८ मध्ये आरटीओचे आकडे आले तेव्हा पुण्यात नोंदलेल्या गाड्या माणसांपेक्षा जास्त निघाल्या होत्या (नोंदलेल्या सगळ्या रस्त्यावर असतात असं नाही, तरीपण). हे चक्र तोडायचा खरा प्रयत्न डिसेंबर २००६ ला झाला होता, कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, देशातला पहिला प्रयोग. पण बसला वेगळी लेन द्यायची तर गाडीवाल्याची लेन काढून घ्यावी लागते आणि ते करायची हिंमत अर्धीच होती, चौकात लेन संपायची, स्टॉपवर उतरलेल्या माणसाने रस्ता ओलांडायचा कसा ते कुणी नीट बघितलं नाही. नगर रोडवरची बीआरटी तर नंतर उखडूनच टाकली. पार्किंगचंही तेच झालं. २०१८ ला पॉलिसी मंजूर केली, ती पाच रस्त्यांपुरती, आणि तेवढ्यावरही पैसे घ्यायला सुरुवात झाली नाही. फुकट पार्किंग म्हणजे गाडी घेण्यासाठी दिलेली सबसिडी आहे हे मी मीटिंगमध्ये म्हटलं की लोक हसतात.

आता एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते, पण शहर चालवायचं म्हणजे काय हे त्यातून कळतं. रस्ता रुंद करायला जागा लागते. जागामालकाला द्यायला महापालिकेकडे तीन गोष्टी असतात, रोख पैसे, त्याच प्लॉटवर जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने जास्त बांधकामाची परवानगी, किंवा टीडीआर, म्हणजे तुझी जागा आम्हाला दे, त्याबदल्यात बांधकामाचा हक्क घे आणि तो बिल्डरला वीक. रोख पैसे नसतात म्हणून सगळी भिस्त टीडीआरवर. आता टीडीआरला भाव कधी येतो? बिल्डरला जादा बांधकाम करायला दुसरा स्वस्त मार्ग नसेल तेव्हा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभराची एकत्रित नियमावली आली, यूडीसीपीआर, त्यात सरकारला पैसे भरून प्रीमियम एफएसआय घ्यायची ऐसपैस सोय, आणि २०२१ मध्ये कोविडमुळे बांधकाम धंद्याला आधार म्हणून प्रीमियमवर ५० टक्के सवलत. हेतू वाईट नव्हता. पण ज्याला काउंटरवर पैसे भरून एफएसआय मिळतो तो टीडीआरसाठी कशाला घासाघीस करेल? मग जागामालक म्हणतो तुमचा टीडीआरचा कागद तुमच्याकडेच ठेवा, मला रोख द्या, आणि रस्ता अडतो. कात्रज-कोंढवा रोड बघा, ८४ मीटरचा ठरला होता, जागेचे पैसे झेपेनात म्हणून ५० मीटरवर आणला, तरी भूसंपादनाची रड संपली नाही आणि त्या रस्त्यावर माणसं मरतायत. टीडीआर हे एकमेव कारण आहे असं नाही, पण मुंबईत मंत्रालयात एका टेबलावर फिरवलेला नियम कोंढव्यातल्या रस्त्याची रुंदी कसा ठरवतो ते यात दिसतं. दोन्ही टेबलांवरच्या लोकांची एकमेकांशी कधी भेटही झालेली नसते.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न, एकच ऑथॉरिटी. मोजा जरा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कँटोन्मेंट, एमआयडीसी, जिल्हा परिषद आणि तिच्याखाली शेकडो ग्रामपंचायती, सार्वजनिक बांधकाम, एनएचएआय, एमएसआरडीसी, महामेट्रो, रेल्वे, जलसंपदा, महावितरण, विमानतळासाठी हवाई दल. हिंजवडी घ्या. जमीन एमआयडीसीची, गाव ग्रामपंचायतीचं, शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवडचं, हायवे एनएचएआयचा, मेट्रो लाइन ३ पीएमआरडीएची. जून २०२५ मध्ये पहिल्याच दणक्याच्या पावसात आयटी पार्कचे रस्ते तुंबले तेव्हा ओढे कुणी बुजवले आणि उघडायचे कुणी यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. बालेवाडी आणि वाकडच्या मध्ये मुळा नदीवर पूल बांधून ठेवला होता, नदीच्या या काठाला एक महापालिका, त्या काठाला दुसरी, जोडरस्त्याची जागा मिळेना म्हणून पूल वर्षानुवर्षं नुसता उभा. लोक त्यावर मॉर्निंग वॉक करत.

तर एकच साहेब नेमला तर? कागदावर सोय आधीच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समिती सांगितलेली आहे, दोन तृतीयांश सभासद लोकांनी निवडून दिलेल्यांमधून, राज्याचा त्यासाठीचा कायदा १९९९ चा आहे. पीएमआरडीए २०१५ ला झाली, अध्यक्ष मुख्यमंत्री. सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा टापू आणि त्या मानाने माणसं मोजकी. इतक्या मोठ्या टापूत कुठल्या गटात आज काय चाललंय हे एका ऑफिसात बसून कळत नाही, ते तलाठ्याला आणि चहाच्या टपरीला कळतं. म्हणजे खालच्याकडे माहिती आहे पण अधिकार नाही, वरच्याकडे अधिकार आहे पण माहिती उशिरा येते. सगळं एकाकडे दिलं तर ही दरी वाढेल. माझ्या मते एकत्र फक्त तीन-चार गोष्टी असाव्यात: पाणी, बस-मेट्रोचं तिकीट आणि मार्ग, मोठ्या रस्त्यांच्या आखण्या, ओढे-नाले. बाकी गल्लीतलं गल्लीत ठरू दे. पीएमटी आणि पीसीएमटी, म्हणजे दोन्ही शहरांच्या बससेवा, २००७ ला एकत्र करून पीएमपीएमएल केली तेव्हा कमीतकमी बसला हद्द राहिली नाही, ते योग्यच होतं, फक्त बस घ्यायला पैसे दोन्हीकडून रडत येतात. आणि हो, ज्या शहरात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, २०११ नंतर जनगणना नाही त्यामुळे महापालिका हद्दीत माणसं ३१ लाख धरायची का त्याच्या दीडपट हे ज्याचं त्याने ठरवायचं, तिथे नवीन ऑथॉरिटीपेक्षा आधी चालू असलेली यंत्रणा पूर्ण भरा असं मी म्हणेन.

जमतं कुठे? जिथे लोक यायच्या आधी फक्त रस्त्याची आणि ओढ्याची जागा राखली जाते तिथे जमतं. बाकी काही नाही केलं तरी चालतं. आपल्याकडे टाउन प्लॅनिंग स्कीमचा कायदा १९१५ चा, मुंबई इलाख्यात आला तो देशातला पहिला. पद्धत सोपी: सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळांची जागा काढायची, आणि उरलेली चौकोनी प्लॉट करून प्रत्येकाला त्याच्या वाट्याने परत द्यायची. जमीन थोडी कमी मिळते पण भाव वाढतो म्हणून मालक तयार होतात, सरकारला जागा विकत घ्यावी लागत नाही. शिवाजीनगर, म्हणजे जुनं भांबुर्डं, तिथे या कायद्याखाली स्कीमा झाल्या, आणि तिथल्या गल्ल्या आजही एकमेकींना मिळतात हे पायी फिरलात तर कळेल. पुढे आपण हे हत्यार बाजूला ठेवलं आणि गुजरातने ते घासूनपुसून वापरलं. अहमदाबादचा सरदार पटेल रिंगरोड ७६ किलोमीटरचा, त्याच्या जागेचा बराच भाग टीपी स्कीममधून आला, २००० च्या दशकात रस्ता झालासुद्धा. आपल्याकडे पीएमआरडीएने म्हाळुंगे-माणला स्कीम हाती घेतली, हे उशिरा का होईना पण बरोबर पाऊल. आणि सरकारशिवायही झालंय, हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी चारशे एक एकर जमीन तुकड्यांनी विकायची नाही असं ठरवून एकत्र आणली आणि २००० च्या सुमाराला स्वतःच टाउनशिप उभी केली. तिथे एक भावकी होती, पुढाकार घेणारं नेतृत्व होतं, प्रत्येक गावात ते नसतं, त्यामुळे त्याची सरसकट नक्कल होणार नाही. तरी अकरा गुंठ्यांचं खरेदीखत आणि मगरपट्टा यात फरक पैशाचा नव्हता, बांध आधी मोडले की नंतर एवढाच होता.

म्हणून मला पुण्याच्या बाहेरून ज्याचं काम निघालंय त्या रिंगरोडची खरी काळजी वाटते. रस्ता होईल, हळूहळू होईल पण होईल. त्याच्या प्रत्येक इंटरचेंजभोवतीच्या चार-पाच किलोमीटरमध्ये आज जे गट आहेत तिथे आत्ता स्कीमा टाकल्या तर वीस वर्षांनी तिथे शहर असेल. नाही टाकल्या तर वीस भूगावं असतील, आणि तेव्हाही कुणीतरी हाच प्रश्न विचारेल. एजंट लोक तिथे केव्हाच पोचलेत.

आता तुमचा फ्लॅट. घेऊ नका असं सांगणार नाही, परवडतं तिथेच माणूस घेतो. पण ब्रोशरमधला रस्ता बघू नका, झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, पीएमआरडीएतून किंवा महापालिकेतून, ज्याच्या हद्दीत गट नंबर येतो तिथून, अर्ज करून मिळतो. सोसायटीसमोरचा रस्ता डीपीतला आहे का वहिवाटीचा ते बघा, आणि डीपीतला असेल तर दोन्ही टोकांना तो खरंच कुठे जाऊन मिळतो का हे स्वतः पायी चालत जाऊन बघा, कारण मधले दोनशे मीटर एखाद्या कोर्टकज्ज्यात अडकलेले असू शकतात आणि साइटवरचा सेल्सवाला ते सांगणार नाही. पाण्याबद्दल बिल्डरने काय लिहून दिलंय ते वाचा, बहुतेक वेळा पाणी मिळेपर्यंत टँकरची सोय करू असलं काहीतरी हमीपत्र असतं, मग शेजारच्या तयार सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून मे महिन्याचं टँकरचं बिल विचारा आणि ते मेंटेनन्समध्ये धरून ईएमआयचा हिशेब करा. आणि साइटवर एकदा तरी पावसाळ्यात, भर पावसात जा. ओढा कुठून जायचा ते तेव्हाच दिसतं.